जुनं नौदल लढाऊ जेट उडतं कसं ठेवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक पाहून आलेले आणि ब्रिटनच्या सी व्हिक्सनचे व्हिडिओ पाहणारे वाचक मला बरेचदा तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत दोन विमानं सारखी येतील. पहिलं सी व्हिक्सन, डी हॅविलंड कंपनीचं दोन इंजिनांचं आणि दोन शेपटी-दांड्यांचं विमान. दुसरं हॉकरचं एका इंजिनाचं सी हॉक, जे आपल्या नौदलानेही वापरलं. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नौदलाचं जेट आणि हवाई दलाचं जेट यांत एवढा काय फरक? दोन्ही विमानंच ना?

फरक विमान उतरतं तिथे सुरू होतो. हवाई दलाचं विमान लांब धावपट्टीवर हळुवार टेकवता येतं. युद्धनौकेच्या डेकवर ते आपटावं लागतं, आणि शेपटीखालचा अरेस्टर हुक तारेत अडकला की काही क्षणांत थांबतं. उडताना कॅटपल्ट त्याला ओढून फेकतो. हे धक्के सोसावेत म्हणून सांगाडा जाड, चाकांचे पाय दणकट, आणि जहाजाच्या पोटात मावावं म्हणून पंख दुमडणारे. पंख दुमडायचे म्हणजे पंखाच्या मधोमध बिजागरं, कुलपं आणि हायड्रॉलिक, म्हणजे दाबाखालच्या तेलावर चालणाऱ्या यंत्रणेच्या, नळ्या आल्या. यातली प्रत्येक जागा पन्नास-साठ वर्षांनंतर तपासावी लागते. त्यात समुद्राचा खारा वारा (प्रश्न ८).

२. इंजिन सुरू होतं, विमान धावपट्टीवर पळतं. मग ते उड्डाणयोग्य नाही का?

नाही. यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. जगात अनेक जुनी जेट 'पळती' आहेत. इंजिन गरजतं, विमान धावतं, लोक टाळ्या वाजवतात. उड्डाणयोग्य म्हणजे त्या विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचं वय, वापर आणि शेवटची तपासणी कागदावर आहे आणि कोणीतरी परवानाधारक माणूस त्याखाली सही करायला तयार आहे.

ब्रिटनमध्ये अशा माजी लष्करी विमानांना प्रवासी विमानांसारखं प्रमाणपत्र मिळत नाही. तिथलं नागरी विमान प्राधिकरण 'परमिट टू फ्लाय' देतं. हे परमिट ठरावीक मुदतीचं आणि अटींसह असतं. विमान जितकं गुंतागुंतीचं, तितक्या अटी कडक. सी व्हिक्सनचे उड्डाणनियंत्रक पृष्ठभाग हायड्रॉलिक शक्तीवर चालतात, म्हणून त्याची गणना गुंतागुंतीच्या गटात होते.

३. सी व्हिक्सन दीडशेच्या आसपास बनली, मग उडतं एकच कसं राहिलं?

१४५ बनली, आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त सेवेतच अपघातांत गेली. त्या काळात डेकवरून रात्री जेट उडवणं किती जीवघेणं होतं, ते एवढ्यावरून कळतं. या जातीच्या जन्माशीही अपघात जोडलेला आहे. ६ सप्टेंबर १९५२ रोजी फार्नबरोच्या हवाई प्रदर्शनात तिचा नमुना हवेतच तुटला. वैमानिक जॉन डेरी, निरीक्षक टोनी रिचर्ड्‌स आणि २९ प्रेक्षक गेले. ब्रिटनमध्ये प्रेक्षकांपासूनच्या अंतराचे नियम त्यानंतर कडक झाले.

१९७२ मध्ये नौदलाने सी व्हिक्सन निवृत्त केलं. 'एक्सपी ९२४' हे १९६३ चं विमान मात्र भंगारात गेलं नाही. वैमानिकाशिवाय उडवता येणारं लक्ष्य-विमान करण्यासाठी त्यात बदल झाले आणि ते वेल्समधल्या लानबेडर तळावर राहिलं. नौदलाने सोडलेलं विमान शास्त्रीय चाचण्यांच्या यंत्रणेत राहिलं, म्हणून त्याची निगा आणि नोंदी तुटल्या नाहीत. पुढे ते नागरी नोंदणीवर आलं, काही वर्षं एका पेय कंपनीच्या रंगात उडालं, आणि २०१४ मध्ये यॉव्हिल्टनच्या नौदल वारसा संस्थेकडे आलं. तिथे ते ८९९ स्क्वॉड्रनच्या रंगात 'फॉक्सी लेडी' नावाने उडायचं.

आपल्याशी एक धागा: सी व्हिक्सन ज्या जहाजांवरून उडत, त्यांत एचएमएस हर्मीस होतं. तीच हर्मीस १९८७ मध्ये आयएनएस विराट झाली. मुंबई बंदरात विराट पाहिलेल्या प्रत्येकाने सी व्हिक्सनचा डेक पाहिलेला आहे.

४. २०१७ मध्ये 'फॉक्सी लेडी'ला नेमकं काय झालं?

२७ मे २०१७. डक्सफर्डला प्रात्यक्षिक करून विमान यॉव्हिल्टनला परतत होतं. वाटेत हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि चाकं बाहेर येईनात. वैमानिक होते कमांडर सायमन हारग्रीव्हज. १९८२ च्या फॉकलंड मोहिमेत त्यांनी सी हॅरियर उडवलं होतं, आणि पुढे एफ-३५ च्या आधीच्या एक्स-३५ बी या नमुना विमानाचीही चाचणी घेतली होती. त्यांनी विमान धावपट्टीवर पोटावर उतरवलं. ठिणग्या उडवत ते घसरत गेलं आणि थांबलं. ते सुखरूप बाहेर आले.

मला या घटनेत सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते त्यानंतरचं. विमान बाहेरून ओळखीचंच दिसत होतं. पंख शाबूत, शेपटी शाबूत. पण चालू इंजिनं घेऊन पोटावर आपटलेल्या विमानात इंजिनांना धक्का बसलेला असतो, गिअरबॉक्स बिघडलेले असतात, सांगाडा कुठे वाकला ते मोजल्याशिवाय दिसत नाही. दुरुस्तीला तीन-चार वर्षं आणि २० ते ३० लाख पौंड लागतील, असा अंदाज तेव्हा दिला गेला. त्या दिवसानंतर ते उडालेलं नाही.

सगळे सी व्हिक्सनच्या एव्हॉन इंजिनांबद्दल विचारतात. विमान जमिनीवर आणलं ते हायड्रॉलिक्सने.

५. त्यांनी इजेक्ट का केलं नाही? आणि एवढ्या जुन्या विमानातली इजेक्शन सीट चालते तरी का?

इजेक्ट केलं, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर फेकून घेतलं, की माणूस वाचण्याची शक्यता असते, पण वैमानिकाविना विमान कुठे पडेल ते कोणाच्या हातात राहत नाही. शिवाय त्या पिढीच्या सीटचा झटका पाठीच्या कण्याला जबर असतो. नियंत्रण हातात असेल, धावपट्टी समोर असेल, तर पोटावर उतरणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

सीट चालते, कारण ती चालती ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये मागे कललेल्या पंखांच्या जेटमध्ये ती कार्यरत असणं आवश्यक मानलं जातं. सीट म्हणजे खुर्चीच्या रूपातली तोफ आहे. तिच्यातली स्फोटक काडतुसं ठरलेल्या वर्षांनी बदलावी लागतात, पॅराशूट पुन्हा घडी करावं लागतं, पट्टे तपासावे लागतात. जुन्या प्रकारची काडतुसं आता फार कमी ठिकाणी बनतात, आणि मुदत संपलेलं काडतूस ही हयगय समजली जाते. शोरहॅमच्या अपघाताच्या तपासातही विमानातल्या सीटची मुदत संपलेली काडतुसं समोर आली (प्रश्न १०). संग्रहालयात ठेवण्याआधी मात्र सीट पूर्ण निष्क्रिय करतात. मुलांना कॉकपिटमध्ये बसवता येतं ते त्यामुळे.

६. इंजिनच सगळ्यात अवघड असेल ना?

इंजिन महाग आहे, अवघड नेहमीच नाही. सी व्हिक्सनच्या दोन एव्हॉन इंजिनांतलं प्रत्येक सुमारे ५,००० किलोचा रेटा देतं. एव्हॉन हजारोंनी बनली आणि हंटरसारख्या इतर विमानांतही होती. त्यामुळे ती माहीत असलेली माणसं आणि सुटे भाग अजून सापडतात. सी हॉकचं नीन त्याहून जुनं आणि साधं, सुमारे अडीच हजार किलो रेट्याचं. त्याची धुराडी मागून न निघता पायजम्याच्या दोन पायांसारखी फुटून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर येते. इंजिनाच्या मागे जागा मोकळी राहते ती इंधनाला मिळते.

इंजिन सुरू करणं ही मात्र स्वतंत्र कला आहे. सी हॉकला काडतूस फोडून फिरवतात. सी व्हिक्सनला बाहेरून हवेचा झोत लागतो, आणि तो देणारं पॅलूस्त यंत्र स्वतःच एक छोटं जेट इंजिन असतं. म्हणजे एक जुनं जेट सुरू करायला आधी दुसरं जुनं जेट चालू अवस्थेत हवं. ज्यांना विमान दुरुस्तीचं स्वप्न आहे त्यांना मी हे आवर्जून सांगतो: जमिनीवरची साधनं विमानाइतकीच जपावी लागतात.

जेट थांबवणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा छोट्या असतात. कडक झालेली रबरी सील, मुदत संपलेला होज, चिकटलेला व्हॉल्व्ह, आणि असा पंप की ज्याची दुरुस्ती करणारा शेवटचा माणूस निवृत्त झाला आहे.

७. सुटे भाग कुठून आणतात?

तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे नौदलाच्या जुन्या गोदामांतून विकलेला माल. अजूनही कुठेतरी तेलकट कागदात गुंडाळलेला, न उघडलेला डबा निघतो, आणि तो निघाला की टीमला दिवाळी वाटते. दुसरी वाट म्हणजे त्याच जातीचं दुसरं विमान. जगात थोडी सी व्हिक्सन संग्रहालयांत उरली आहेत, आणि प्रत्येक संग्रहालय आपलं विमान पूर्ण ठेवू पाहतं. त्यामुळे या वाटेने मागणं मुत्सद्देगिरीचं काम असतं. तिसरी वाट, नवा भाग बनवून घेणं. त्यासाठी मूळ आराखडे, धातूचं नेमकं मिश्रण आणि उष्णताप्रक्रिया माहीत हवी, आणि बनवणाऱ्या कारखान्याकडे त्या कामाची मान्यता हवी. दिसायला तसाच पण कागद नसलेला भाग विमानात बसत नाही.

८. समुद्रावर वापरलेलं विमान लवकर गंजतं का?

लोखंडासारखं लाल गंजत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर पांढरी भुकटी येते, पत्र्याचे पापुद्रे सुटतात, रिव्हेटच्या भोवती फुगवटे दिसतात. मॅग्नेशियमचे भाग सगळ्यात नाजूक. त्यावरचा रंग खरवडला गेला की ओलाव्यात ते झपाट्याने खाल्ले जातात. पंखांच्या बिजागरांत, हुकच्या जोडणीत आणि चाकांच्या कप्प्यात मीठ साचतं.

दुसरा शत्रू फटिग, म्हणजे धातूला आलेला थकवा. प्रत्येक कॅटपल्ट उड्डाण, प्रत्येक डेक लँडिंग, प्रत्येक जोराचं वळण सांगाड्याच्या आयुष्यातून काहीतरी कापून नेतं. ही वजाबाकी लॉगबुकात असते. वारसा म्हणून उडवली जाणारी अशी विमानं डेकवर कधीच उतरत नाहीत, लांब धावपट्टीवरच उतरतात, आणि उडतानाही ताण हेतुपुरस्सर कमी ठेवतात. तडे शोधायला रंगद्रव शिंपडणं, एडी करंट, अल्ट्रासॉनिक आणि एक्स-रे वापरतात. अनुभवी माणसाचं बोट आणि भिंगही.

९. मग ते न उडवता जपून ठेवलं तर जास्त टिकेल, नाही का?

हा प्रश्न प्रेमातून येतो, म्हणून उत्तर नीट देतो. सांगाड्यापुरतं बरोबर: न उडलेल्या विमानाचा फटिग वाढत नाही. पण बाकी सगळं उभ्यानेच बिघडतं. सील एकाच जागी दबून राहतात आणि सुकतात. टाकीतला ओलावा तळाशी बसतो. बेअरिंगवर एकाच जागी वजन राहून व्रण पडतात. टायर चपटे होतात. म्हणून उडत नसलेल्या दिवसांतही इंजिनं चालवून पाहतात किंवा संरक्षक तेल भरून बंद करतात, चाकं फिरवतात, हायड्रॉलिक दाब देऊन फ्लॅप हलवतात.

टीमचंही तसंच होतं. दोन हंगाम विमान न उडालेल्या गटातले तंत्रज्ञ दुसरं काम शोधतात, वैमानिकाचा ताजेपणा जातो, आणि परमिट नव्याने मिळवताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१०. शोरहॅमच्या अपघातानंतर नियम खरंच बदलले का?

हो, मोठे बदल झाले. २२ ऑगस्ट २०१५ रोजी ब्रिटनमधल्या शोरहॅमच्या हवाई प्रदर्शनात हंटर जेट लूप (हवेतली उभी गोल कोलांटी) पूर्ण करू शकलं नाही आणि रस्त्यावर कोसळलं. अकरा लोक गेले. ते विमान नौदलाचं नव्हतं, पण परिणाम सगळ्या जुन्या जेटवर झाला. समुद्रावर नव्हे तर जमिनीच्या भागावर होणाऱ्या हवाई प्रात्यक्षिकांत जुन्या जेटवर आधी सरळ फ्लायपास्टपुरतीच मर्यादा आली. मग प्रेक्षक आणि विमान यांच्यातलं अंतर, वैमानिकाची परवानगी, आयोजकांची जबाबदारी हे सगळं कडक झालं. काही मालकांना हे जाचक वाटलं. मला वाटतं, ज्या छंदाची किंमत रस्त्यावरून गाडीने जाणाऱ्या अनोळखी माणसाने मोजली, त्याने हे नियम मानलेच पाहिजेत.

११. भरपूर पैसा असेल तर कोणीही असं विमान उडवू शकेल का?

पैसा लागतोच. दोन एव्हॉन पूर्ण जोरात चालवली तर इंधन मिनिटाला शंभर लिटरहून कितीतरी जास्त जातं, आणि त्याआधी विमा, हँगर, पगार, तपासण्या. पण पैशाने विकत न मिळणारी एक गोष्ट आहे: मूळ रचनेची जबाबदारी घेणारी तांत्रिक संस्था. 'हा तडा चालेल, हा नाही' असं सांगून सही करणारं कोणीतरी हवं. व्हल्कन बॉम्बर 'एक्सएच ५५८' चं उदाहरण घ्या. तेही नौदलाचं नव्हे, पण धडा तोच. देणगीदार होते, लाखो चाहते होते. तांत्रिक पाठबळ देणाऱ्या कंपन्यांनी हात काढला आणि २०१५ मध्ये त्याचं उड्डाण थांबलं.

१२. ही विमानं कोण उडवतं? तरुण वैमानिक शिकू शकतात का?

बहुतेक माजी नौदल किंवा चाचणी वैमानिक, कारण हातात जुन्या जेटची सवय हवी. सी व्हिक्सनचं दोन सीटर प्रशिक्षण विमान नव्हतंच. वैमानिकाची कॉकपिट डावीकडे सरकलेली, निरीक्षक उजवीकडे खाली, विमानाच्या पोटात. त्या जागेला 'कोळशाचं भोक' म्हणत. शेजारी बसून शिकवायची सोयच नाही. नवा माणूस आधी जवळपासच्या जातीची जेट उडवतो, पुस्तकं पाठ करतो, जमिनीवर इंजिनं चालवतो, आणि मग पहिल्यांदा एकटाच उडतो.

१३. पंख दुमडणं, हुक, तोफा या गोष्टी उडत्या वारसा विमानात काम करतात का?

पंख बरेचदा दुमडता येतात, आणि हँगरात जागा वाचते. पण पंख उघडले, कुलूप पडलं, हे उड्डाणाआधी प्रत्येक वेळी डोळ्यांनी खात्री करून घेतात. हुक शोभेसाठी खाली सोडून दाखवतात, तारेवर अडकवत नाहीत. सी हॉकच्या नाकातल्या चार २० मिलिमीटर तोफा निकामी केलेल्या असतात. मात्र त्या काढल्या तर तेवढं वजन नाकात परत ठेवावं लागतं, नाहीतर विमानाचा तोल बिघडतो. सी व्हिक्सनला तोफाच नव्हत्या. तोफांशिवाय, केवळ क्षेपणास्त्रं, रॉकेट आणि बॉम्बवर विसंबलेलं ते पहिलं ब्रिटिश लढाऊ विमान.

१४. सी हॅरियरचं काय? ते तर आपल्याकडे परवापर्यंत उडत होतं.

आपल्या नौदलाने ते २०१६ मध्ये निवृत्त केलं. खासगी मालकीचं सी हॅरियर उडवून दाखवलं अमेरिकेच्या मरीन दलातले निवृत्त चाचणी वैमानिक आर्ट नॉल्स यांनी. ब्रिटिश नौदलाचं 'एक्सझेड ४३९' त्यांनी मेरीलँडला नेलं आणि २००७ मध्ये उडवलं. सुरुवातीच्या चाचण्यांतच हायड्रॉलिकचा बिघाड होऊन पुढचं चाक बाहेर येईना, आणि पॅटक्सेंट रिव्हर नौदल तळावर ते उभं खाली उतरवावं लागलं. दुरुस्त होऊन ते पुढे एअर शोंमध्ये उडालं. दोन देश, दोन वेगळी विमानं, बिघाड तोच. म्हणून प्रश्न ६ मधला सीलचा मुद्दा लहान समजू नका.

१५. बोगमाळोचं सी हॉक पुन्हा उडवता येईल का?

मनापासून सांगतो, हे मलाही पाहायला आवडलं असतं. पण नाही. ते विमान प्रदर्शनासाठी ठेवलेलं आहे, समुद्रकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षं उभं आहे, आणि त्यातल्या घटकांच्या तपासणीची साखळी तुटलेली आहे. ते उडतं करायचं म्हणजे शेवटच्या रिव्हेटपर्यंत सोडवून नव्याने बांधायचं. ब्रिटनमध्ये नौदलाच्या ऐतिहासिक तुकडीकडे सी हॉक 'डब्ल्यूव्ही ९०८' बरीच वर्षं उडतं होतं. तेही आता उडत नाही. भारतात हवाई दलाची व्हिंटेज तुकडी टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा उडवते, पण ती सगळी पंख्याची विमानं आहेत, जेट नाहीत.

१६. मग गोव्याला गेलो तर त्या सी हॉकमध्ये काय पाहायचं?

आधी मागे जाऊन पंखांच्या मुळाशी पाहा, धुराडीची दोन तोंडं दिसतील. मग पंख कुठे दुमडतो ती रेषा शोधा. शेपटीखाली हुक. नाकाखाली तोफांची चार छिद्रं. हे विमान 'व्हाइट टायगर्स' म्हणजे ३०० स्क्वॉड्रनचं. ती १९६० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर उभी राहिली. पुढच्या वर्षी, १८ मे १९६१ रोजी, आर. एच. ताहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं. ते पुढे नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. मुंबईत विक्रांत संग्रहालय असताना ज्यांनी तिच्या डेकवर पाय ठेवला, त्यांनी ती जागा पाहिली आहे. जहाज २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला घेतलं गेलं.

जाल तेव्हा एक करा. रिव्हेटच्या ओळींजवळ वाकून पाहा, रंग कुठे फुगला आहे का. फुगला असेल तर संग्रहालयातल्या माणसांना सभ्यपणे दाखवा. त्या भागाकडे वेळेवर लक्ष गेलं तर पत्रा वाचतो.